ऑपरेशनच्या आधीचा महिना



कामठी तालुक्यात पिकांच्या बैठकीला गेलो, की शेतीचे बोलणे आटोपल्यावर कोणीतरी बाजूला घेऊन आजाराचे कागद दाखवतो. मी डॉक्टर नाही हे सांगूनही दाखवतो. कागद हृदयाच्या ऑपरेशनचा असला, की प्रश्न ठरलेला : "साहेब, रक्ताच्या बाटल्या किती लागतील?" आणि पाठोपाठ तक्रार, की डॉक्टरांनी "अंगात रक्त कमी आहे" म्हणून महिनाभराच्या गोळ्या देऊन परत पाठवले, उगीच चालढकल करतात.

ही चालढकल नव्हे. अशा ऑपरेशनमध्ये बहुधा हृदय थांबवून त्याचे काम काही वेळ यंत्राकडे देतात. यंत्राच्या नळ्या आधी साधारण दीड लिटर द्रावणाने भराव्या लागतात आणि ते रोग्याच्या रक्तात मिसळते. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त जेमतेम ५ लिटर. हिमोग्लोबिन १३ असेल तर पातळ होऊन १० वर येते, निभते. ९ असेल तर ७ च्या खाली जाते आणि मग बाटली लावावीच लागते. किरकोळ अंगाच्या बाईचे आणि लहान मुलाचे रक्त मुळातच थोडे, म्हणून त्यांचे अधिक पातळ होते.

परके रक्त म्हणजे टॉनिक नव्हे. त्याने ताप येतो, पुरळ उठते, क्वचित फुप्फुसांना इजा होते. म्हणून शिवारातले पाणी शिवारातच अडवावे, तसे डॉक्टर रोग्याचे रक्त राखतात. सांडलेले रक्त शोषून, यंत्रात धुऊन त्यालाच परत देतात. रक्तस्राव कमी करणारे औषध देतात. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉ. डेंटन कूली यांनी १९७७ मध्ये, धर्मश्रद्धेमुळे रक्त न घेणाऱ्या ५४२ रोग्यांवरील हृदयाच्या व मोठ्या रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनांचा अहवाल प्रसिद्ध केला. आपल्याकडे मुंबईच्या नावाचा एक रक्तगटच आहे. डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी तो १९५२ मध्ये जगापुढे मांडला. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ' गटाचेही रक्त चालत नाही, त्याच दुर्मिळ गटाचे लागते. अशाला स्वतःचे रक्त राखण्याखेरीज दुसरा मोठा आधार नाही.

आता तो महिना. ऑपरेशन तातडीचे असेल तर थांबता येत नाही. पण थांबायला सांगितले असेल, तर रक्त कशाने कमी झाले ते आधी शोधून घ्या. अनवाणी चिखलात राबणाऱ्याच्या तळपायातून आकडीकृमी शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. जंताचे औषध घेतल्यावाचून नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. मूळव्याधीचे रक्त पुरुष लपवतात. पाळीत फार जाते हे बायका घरातसुद्धा बोलत नाहीत, मग डॉक्टरांपुढे कुठून बोलणार? सासूबाईंनी किंवा जाऊबाईंनी बरोबर जावे आणि त्यांनीच विषय काढावा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचास काळे झाले तर घाबरू नका. मात्र ते डांबरासारखे चिकट असेल तर लगेच दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची हे डॉक्टरच ठरवतील, आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका.

आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. रक्त कमी दिसले म्हणून दुकानातून लोहाच्या गोळ्या आणण्याआधी ती तपासणी करून घ्या. सिकलसेल निघाला तर ऑपरेशनची तयारीच निराळी करावी लागते, आणि ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळले पाहिजे.

एवढे करूनही टेबलावर बाटली लागली, तर जिवापुढे हट्ट धरू नये. रक्तपेढीत नाव सांगून ठेवावेच. महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा आणि दोन्ही कागद एकत्र टाचून न्या; पहिला घरी विसरू नका.