जुन्या गाडीचा ताप

जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांचे आपल्याकडे दोन पंथ आहेत. एकाला वस्तू जशीच्या तशी हवी असते. तिचा स्क्रूदेखील मूळचाच पाहिजे. दुसऱ्याला ती वापरात हवी असते. आजोबांच्या कंदिलात विजेचा दिवा बसला तरी त्याची तक्रार नसते. हा वाद सर्वांत तापतो तो जुन्या मोटारीच्या बॉनेटखाली, रेडिएटरपाशी. फियाटला किंवा अॅम्बॅसॅडरला नवा रेडिएटर आणि विजेचा पंखा बसवावा की नाही, एवढ्यावरून जुन्या मित्रांनी अबोला धरलेला मी पाहिला आहे.

माझे मत विचाराल तर, बसवावा. पण काही अटींवर.

आधी गाडीची बाजू ऐकून घेऊ. आपली फियाट 1100, जी पुढे ‘पद्मिनी’ झाली, ती मुळात 1950च्या दशकातली इटालियन रचना. कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली तेव्हा रस्ते मोकळे होते. तिचा पंखा पट्ट्याने इंजिनाशी बांधलेला. इंजिन जोरात फिरले की तोही जोरात, ते मंदावले की तोही मंद. खंडाळ्याचा घाट चढताना मे महिन्यात पाणी उकळे, हे खरे. बॉनेट उघडून कडेला थांबलेल्या गाड्या, पाण्याचे डबे आणि शिंग्रोबाला टाकलेले नाणे हा पुण्याच्या प्रवासाचा भागच होता. पण घाटात निदान गाडी चालत तरी असे. आज तिची खरी परीक्षा सिग्नलला होते. गाडी उभी, समोरून वारा नाही, इंजिन मंद गतीवर आणि म्हणून पंखाही पेंगुळलेला. काटा वर चढतो तो तिथे.

विजेच्या पंख्याचे इंजिनाच्या गतीशी देणेघेणे नसते. पाणी ठरावीक तापले की तो आपोआप सुरू होतो, निवले की थांबतो. 1983 साली आलेल्या मारुती 800मध्ये हीच सोय होती. असा पंखा जुन्या गाडीला बसवणे म्हणजे जुन्या घरात नळ आणण्यासारखे आहे. घर त्याने बाटत नाही.

आता अटी. पहिली, औषधाआधी निदान. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी घातलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या असतात. फॅनबेल्ट सैल असतो. थर्मोस्टॅट कुणा मेकॅनिकने ‘हवा कशाला’ म्हणून कधीच काढून टाकलेला असतो. झाकणाचे रबर कडक झालेले असते, आणि ते झाकण नुसते झाकण नव्हे. ते आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभर अंशांवर उकळत नाही. सात पौंडांचे झाकण ते सुमारे एकशेदहा अंशांपर्यंत थोपवते. (म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडायचे नसते; घरातल्या तरुण मंडळींना हे बजावून ठेवावे.) हे सारे न तपासता नवा पंखा बसवणे म्हणजे टायफॉइडच्या रोग्याला पंख्याखाली निजवणे.

दुसरी अट हिशेबाची. हयात बँकेत गेल्याने मला ती बँकेच्याच भाषेत कळते. बॅटरी हे खाते आणि डायनॅमो हा भरणा. विजेचा पंखा दहा-पंधरा अँपिअर, म्हणजे दोन्ही हेडलाइट मिळून घेतात तेवढे किंवा जास्तच, काढून घेतो. आणि जुना डायनॅमो मंद गतीवर जवळजवळ काहीच भरत नाही. म्हणजे सिग्नलला खर्च सर्वाधिक आणि जमा शून्य! पावसाळ्यात रात्री दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालले की खाते बुडालेच. म्हणून आधी अल्टरनेटर, मग पंखा. आणि त्याला जाड वायर, फ्यूज व रिले. डॅशबोर्डामागच्या पन्नास वर्षांच्या वायरीवर हा भार टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण.

तिसरी अट रेडिएटरची. बाजारात अॅल्युमिनियमचे चकचकीत रेडिएटर मिळतात. ते हलके असतात आणि कामही चोख करतात. पण त्यांना कायम योग्य कूलंट लागते, नुसत्या नळाच्या पाण्याने ते आतून सडतात. आणि गळले तर कोपऱ्यावरच्या रेडिएटरवाल्याला त्यावर साधा डाग देता येत नाही. त्यापेक्षा पितळी टाक्या जुन्याच ठेवून मध्ये तांब्याची नवी, जास्त नळ्यांची जाळी घालून घ्यावी. त्या कारागिराची भट्टी त्यामुळे चार दिवस अधिक पेटती राहील, हाही लाभ लहान नाही.

शेवटची अट माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी : परतीची वाट मोडू नये. पत्रा कापू नये, नवी भोके पाडू नयेत. काढलेला पंखा तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवावा. केंद्र सरकारच्या 2021च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी तर तिची चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार झालेला चालत नाही. नियम बाजूला ठेवला तरी, उद्या नातवाला गाडी मूळ रूपात हवीशी वाटली तर ती त्याला करता आली पाहिजे. आपण तिचे मालक असलो तरी शेवटचे मालक नाही.

30 ऑक्टोबर 2023पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. आता ही गाडी टिकेल ती घराघरांतून. आणि घरातली गाडी कशी संपते, हे मी जवळून पाहिले आहे. एकदा भर रस्त्यात पाणी उकळते, घरची मंडळी घाबरतात, पुढच्या वेळी कुणी बसायला तयार होत नाही. मग तिच्यावर कापड येते, कापडावर धूळ, आणि एके दिवशी दारात भंगारवाला. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या कापडाखालची गाडी एकदा पाहावी. तिचा प्रत्येक स्क्रू मूळचाच असतो.