पुस्तक कोणाच्या मालकीचे?

छापील पुस्तक की पडद्यावरचे पुस्तक, हा वाद मराठीत आता बराच जुना झाला. तरीही तो जिथे सुरू झाला तिथून फारसा पुढे सरकलेला दिसत नाही. एका बाजूला कोऱ्या कागदाचा वास, पानांचा स्पर्श आणि पुस्तकात जपून ठेवलेले पिंपळपान. दुसऱ्या बाजूला खिशात मावणारे ग्रंथालय, झाडांची कत्तल आणि ‘काळाबरोबर चालले पाहिजे’ हा उपदेश. परिसंवाद होतात, टाळ्या पडतात आणि मंडळी आपापले मत जसेच्या तसे घेऊन घरी जातात. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवतो. पुस्तके हेच आमच्या व्यवसायाचे साधन असल्याने या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहणे आम्हांला शक्य नाही. परंतु हा वाद मुळात भलत्याच जागी लढला जात आहे, असे आमचे मत आहे.

वासाचा आणि स्पर्शाचा युक्तिवाद फार काळ टिकणारा नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले, त्या काळात शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला हात लावायला सोवळी मंडळी तयार नव्हती. त्यावर गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असे सांगतात. पुढे हे सोवळे कुठल्या कुठे गेले आणि छापील पोथीच देव्हाऱ्यात जाऊन बसली. माध्यमाविषयीची आपली हळवी भावना ही बहुतांशी सवयीची लेक असते. आज पडद्याला नाक मुरडणाऱ्यांची नातवंडे कदाचित पडद्याविषयीच गहिवरून लिहितील.

शिवाय वाचनयंत्राचे उपकार नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. ज्यांची दृष्टी मंदावली आहे अशा वाचकांना अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. ज्यांना दिसतच नाही त्यांना मजकूर वाचून दाखवणारी यंत्रे आली आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली की साहित्यकृती स्वामित्वहक्कातून मुक्त होते. त्यामुळे हरिभाऊ आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी हे सारे आज कोणालाही, कुठेही, पैसा न मोजता वाचता येणे शक्य झाले आहे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणले. विश्वकोशाचे अवजड खंड आता फोनवर उघडतात. ज्या गावात ग्रंथालयाचे कपाट वर्षातून दोनदा उघडते, तिथल्या विद्यार्थ्याला ‘पडद्यावर वाचू नकोस’ असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही.

मग आमची तक्रार कशाबद्दल आहे? वाचण्याच्या सोयीबद्दल नव्हे, तर पुस्तकाच्या मालकीबद्दल.

जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने आपल्या किंडल या यंत्रावरील काही ग्राहकांची पुस्तके त्यांच्या परवानगीशिवाय दुरूनच पुसून टाकली. ज्या विक्रेत्याने ती विक्रीस ठेवली होती त्याच्याकडे त्यांचे हक्कच नव्हते, असे कारण देण्यात आले. पैसे परत मिळाले; कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. परंतु पुसलेली पुस्तके कोणती होती? जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’! जिथे नको असलेला मजकूर नष्ट करण्यासाठी भिंतीत खास भोके ठेवलेली असतात, अशा राज्याची कथा सांगणारी कादंबरी वाचकाच्या हातातून अशी नाहीशी व्हावी, यापेक्षा बोलके उदाहरण कल्पूनही सुचले नसते.

हा अपवाद होता असे कोणी म्हणेल. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि दुकानाबरोबर लोकांनी विकत घेतलेली पुस्तकेही गेली. पैसे परत दिले. ज्यांनी समासात टिपणे केली होती त्यांना वर पंचवीस डॉलर दिले. एखाद्या वाचकाने वर्षभर केलेल्या टिपणांची किंमत प्रथमच अशी ठरली असावी. सप्टेंबर २०२३ मध्ये किंडलवरील वृत्तपत्रांची आणि मासिकांची वर्गणी बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात भरण्याची सोयही काढून घेण्यात आली. यातील कोणतीही गोष्ट बेकायदा नाही, आणि खरी चिंता हीच आहे. कारण आपण ‘खरेदी’चे बटण दाबतो तेव्हा बहुधा पुस्तक घेत नसतो, तर ते वाचण्याचा परवाना घेत असतो. परवाना देणारा तो मागे घेऊ शकतो.

छापील पुस्तकाचे तसे नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेच, एकदा चलनात आलेली प्रत लेखक-प्रकाशकाच्या वितरणाच्या हक्काबाहेर ठेवली आहे. म्हणून ती विकता येते, उसनी देता येते, दान करता येते, मुलीच्या लग्नात आहेर म्हणून देता येते. मराठीचा सारा वाचनव्यवहार या एका सूत्रावर उभा आहे. आपल्याकडे हजार प्रतींची आवृत्ती काढणेही प्रकाशकाला जड जाते. तरीही एक कादंबरी कित्येक हजार लोक वाचतात. हे घडते ते ग्रंथालयांमुळे, रद्दीवाल्यामुळे, पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांमुळे आणि ‘वाचून परत करतो’ म्हणून नेऊन कधीच परत न करणाऱ्या मित्रांमुळे. कुलूपबंद ई-पुस्तक यांपैकी कोणाच्याही हाती पडत नाही. गरीब विद्यार्थ्याला निम्म्या किमतीत मिळणारी जुनी प्रत तिथे अस्तित्वातच नसते, कारण तिथे पुस्तक जुने होत नाही. ज्या भाषेचे वाचक एका प्रतीवर दहाजण जगतात, त्या भाषेला हे परवडणारे नाही.

वृत्तपत्रांच्या बाबतीत प्रश्न थोडा वेगळा आहे. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते हे खरे. पण त्याचा एक अंक कुठेतरी बांधून ठेवलेला असतो. १८३२ साली सुरू झालेल्या ‘दर्पण’वर आपण आज लिहू-बोलू शकतो ते असे अंक कोणीतरी जपून ठेवल्यामुळेच. त्या अंकात जे छापले ते छापले. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो आणि इतिहासाला दोन्ही दिसतात. संकेतस्थळावरची बातमी सकाळी एक, दुपारी दुसरी आणि संध्याकाळी बेपत्ता असू शकते. शिवाय युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी दैनिकांची संकेतस्थळे आपापल्या खास फॉन्टमध्ये चालत. त्या काळातला मजकूर आज उघडला तर पडद्यावर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांची रांगोळी उमटते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा अंक वाचता येतो आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा वाचता येत नाही, याला प्रगती म्हणावे काय?

तेव्हा ‘कागद की पडदा’ ही निवड सोडून देऊन आपण काही साध्या मागण्या कराव्यात. ग्रंथ आणि वृत्तपत्रे यांच्या प्रती ठरावीक राष्ट्रीय व सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर घातले. मुंबईत एशियाटिक सोसायटीतील मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. तो कायदा छापील प्रत गृहीत धरून झाला होता. जे केवळ पडद्यावरच प्रकाशित होते त्याचीही एक प्रत अशीच कायद्याने जमा झाली पाहिजे. सार्वजनिक ग्रंथालयांना ई-पुस्तक वाचकांस देण्याचा हक्क असला पाहिजे. १९६७ साली ग्रंथालयांसाठी कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने यात पुढाकार घेतला तर ते शोभून दिसेल. मराठी प्रकाशकांनी आपली ई-पुस्तके कुलपाशिवाय विकण्याचे धाडस करावे. आपला वाचक चोर आहे असे गृहीत धरून कोणतेही साहित्य वाढलेले नाही. आणि दैनिकांनी आपली रोजची पाने तारखेनिशी, बदल न करता, सर्वांना पाहता येतील अशी जतन करावीत.

यातले काही होईपर्यंत आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो, की वाचायचे ते कशावरही वाचा. परंतु जे पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटेल, आपल्यामागे कोणाला द्यावेसे वाटेल, ते कागदावरच घ्या. त्यावर आपले नाव आणि तारीख घाला. नंतर ते कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही ठरवता येणार नाही.