सेलचा हिशेब

दुकानदार 'कोणता सेल देऊ?' असे विचारतो आणि आपण 'द्या कोणताही' म्हणून मोकळे होतो. या 'कोणताही'पायी किती पैसे जातात, ते आम्ही घरीच ताडून पाहिले. पेशा कारकुनीचा; वही-पेन्सिल हाताशी होतीच.

बल्बच्या दोन सारख्या टॉर्च घेतल्या. एकीत साधे झिंक-कार्बनचे पेन्सिल सेल, दुसरीत अल्कलाइन. दुपारी तीनला दोन्ही लावल्या. साधे सेल चहाच्या वेळीच मंदावले. अल्कलाइन दिवेलागण उलटली तरी तगून होते. किंमत अडीचपट, पण उजेड चौपट! किमतीला तासांनी भागा, म्हणजे खरा स्वस्त कोणता ते कळते.

भिंतीवरच्या घड्याळाचे गणित उलटे. त्याला वीज इतकी थोडी लागते की साधा सेल वर्षभर सहज पुरतो. तेथे महागडा घालणे ही उधळपट्टीच. मुलांच्या खेळण्यांना पुन्हा चार्ज होणारे सेल परवडतात, दाब १.२ व्होल्टच, पण शेकडो वेळा भरता येतात.

फजिती झाली ती आईच्या रक्तदाबाच्या यंत्रापायी. काटकसर म्हणून दोन जुने, दोन नवे सेल घातले. पट्टा फुगता फुगताच यंत्र बंद पडे. आई घाबरली, भरदुपारी दवाखाना गाठला. प्रकृती ठीक होती, चूक आमची! जुना सेल आधी रिता होतो, नवे त्याच्यातून प्रवाह रेटत राहतात आणि तो पाझरू लागतो. चारही सेल एकदम बदला, एकाच जातीचे. यंत्र महिनाभर कपाटात राहणार असेल तर सेल काढूनच ठेवा.