आधी वाफसा, मग यंत्र

शनिवारची सकाळ. निजामपुऱ्यात खाली यंत्रमागांचा खडखडाट, आणि मी चहा पीत पेरणी यंत्रांची माहितीपत्रकं वाचतोय. हसू नका मंडळी! भिवंडीजवळ मामाची भातशेती आहे. लावणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून त्याला ट्रॅक्टरमागचं नऊ फणांचं पेरणी यंत्र हवंय... आणि अर्धे पैसे मी देणार आहे.

सवयीप्रमाणे मी तक्ता मांडला. फण किती, पेटी केवढी, किंमत काय वगैरे. मग मामालाच विचारलं, "पण वाफसा किती दिवस मिळतो?" तो हसला. "जूनमध्ये? मिळाला तर नशीब!"

वाफसा म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताची, अवजार घालता येईल अशी अवस्था. भारी चिकण जमिनीत ती फार थोडा वेळ टिकते. आधी ढेकळं, नंतर थेट चिखल. त्या चिखलात फणांना माती चिकटते, बियाण्याच्या नळ्या तुंबतात. फणांऐवजी तबकड्या लावल्या तर चीर पडते, पण तिच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं आत शिरत नाहीत. ट्रॅक्टरच्या वजनाने माती दबते ती वेगळीच. फण की तबकडी, हा वाद इंग्लंडच्या थंड, ओल्या चिकणमातीतही चालतो.

माझं मत सरळ आहे : यंत्र फणांच्या संख्येवर निवडू नये, पाणी आणि वजन यांवर निवडावं. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीनसाठी बीबीएफ यंत्र रुंद वरंब्यावर पेरतं, जादा पाणी सरीतून निघून जातं. भाताच्या चिखलणी केलेल्या खाचरात मोड आलेलं बियाणं पेरायला हाताने ओढायचा हलका ड्रम सीडर असतो. आणि आपल्या जवळ, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी पद्धत : गादीवाफे एकदाच करायचे, पुन्हा नांगरणी-चिखलणी नाही, लोखंडी साच्याने भोकं पाडून टोकणी. जुनी मुळं जमिनीतच कुजतात, माती भुसभुशीत राहते. तणाचा त्रास मात्र आहे, तणनाशकावर बरंच अवलंबून राहावं लागतं. फुकट काहीच नसतं.

म्हणून मामाला म्हटलं, नऊ फण राहू देत. यंदा एका खाचरात साचा वापरून बघू, पैसे माझे. फसलं तर एकच खाचर जाईल, कर्ज तर होणार नाही.

मामा अजून विचार करतोय. तुमच्या घरी भारी जमीन असेल तर काय वापरता, जरूर कळवा.