तीन चष्मे आणि एक कोरडा डोळा

गेल्या महिन्यात भवानीनगरला घरी गेलो तेव्हा टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये अप्पांचे तीन चष्मे सापडले. सगळे दीड वर्षातले, तिन्हींचे नंबर वेगळे, आणि एकातूनही संध्याकाळी पेपर नीट दिसत नाही. "मशीनच सांगतंय नंबर बदलला म्हणून. मशीन खोटं बोलंल व्हय रं?" इति अप्पा.

मशीन खोटं बोलत नाही हो. पण कचरा आत टाकला की कचराच बाहेर येतो, हे आमच्या धंद्यात पहिल्या सेमिस्टरला शिकवतात.

डोळ्यात शिरणारा प्रकाश सगळ्यात आधी वळतो तो कॉर्नियावर पसरलेल्या अश्रूंच्या पातळ थरावर. थर गुळगुळीत, तर चित्र स्वच्छ. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतलं तेल कमी पडलं की खालचं पाणी भराभर उडतं, थर फाटतो, अक्षरं पुसट होतात. पापणी लवली की दोन क्षण पुन्हा स्पष्ट! चष्म्याचा नंबर असा मिनिटामिनिटाला बदलतो का कधी? मी अप्पांना एवढंच विचारलं, "डोळे मिटून उघडले की बरं दिसतं का?" म्हणाले, "व्हय की, तेवढ्यापुरतं." दीड वर्षात हा प्रश्न एकाही काउंटरवर कुणी विचारला नाही. तिन्ही चष्म्यांना ब्लू-कट काच मात्र जादा पैसे घेऊन बसवली. २०२३ मध्ये कोक्रेनने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात या काचेने डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. आणि अप्पांकडे तर कॉम्प्युटरच नाही!!

दुसरा राग आमच्याच जमातीवर. कोरडे डोळे म्हणजे हिंजवडीच्या एसीत बसणाऱ्यांचा लाडका आजार, असं आम्हीच पसरवलं. (ह.घ्या.) कबूल, स्क्रीनकडे बघताना पापण्या फार कमी लवतात. पण वय, मधुमेह, ॲलर्जीच्या गोळ्या, वारा, धूर, धूळ यांना कुठे आयकार्ड लागतं? अप्पा कालव्याच्या कडेने भर उन्हात मोटरसायकल हाकतात, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे धूळ खातात. वर विचारतात, "पाणी गळतंय की, मग कोरडे कसे?" अहो, कोरडेपणाने चुरचुरतं म्हणूनच पाणी येतं, आणि तेलाची जोड नसली की ते टिकत नाही.

शेवटी पुण्यात दाखवलं. डॉक्टरांनी रंगाचा थेंब टाकून थर किती सेकंदांत फाटतो ते मोजलं. १० च्या आत म्हणजे गडबड, अप्पांचे ४. नशीब एवढंच की मोतीबिंदूपर्यंत प्रकरण गेलं नव्हतं. ऑपरेशनआधी भिंगाचा नंबर काढायला कॉर्निया मोजतात, आणि डोळा कोरडा असेल तर ते माप चुकू शकतं. ते भिंग काही ड्रॉवरमध्ये टाकता येत नाही.

असो. मेडिकलवाल्याने दिलेली लाली घालवायची बाटली मी फेकून दिली. तसल्या थेंबांत स्टेरॉइड असलं तर डोळ्याचं प्रेशर वाढतं. आता अप्पा रोज गरम फडक्याने पापण्या शेकतात, डॉक्टरांचे थेंब घालतात. नंबर महिन्याभराने तपासायचाय. तोवर चौथ्या चष्म्याची ऑर्डर रद्द करायला दुकानात मीच गेलो होतो. ॲडव्हान्स परत मिळाला नाही.