कॅटमध्ये 99 पर्सेंटाइल, मुलाखतीत दांडी गुल: मॉक इंटरव्ह्यूने नेमकं काय बदलतं?

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी कॅट होते. डिसेंबरमध्ये निकाल लागतो आणि पर्सेंटाइलचे स्क्रीनशॉट स्टेटसला झळकायला लागतात. 99 वाल्यांच्या घरी पेढे येतात. पण पेढ्यांचा बॉक्स रिकामा व्हायच्या आत दुसरी परीक्षा समोर उभी राहते. तिला अभ्यासक्रम नाही, उत्तरतालिका नाही, आणि ती साधारण 20 ते 30 मिनिटांत आटोपते. ती म्हणजे आयआयएमची मुलाखत, मुलांच्या भाषेत 'पीआय'.

याच काळात मॉक इंटरव्ह्यूचा सीझन सुरू होतो. क्लासेसच्या जाहिराती येतात, यूट्यूबवर तासतासभराचे सराव मुलाखतींचे व्हिडिओ फिरतात, आणि "चार मॉक पुरे की दहा?" अशी चर्चा रंगते. खरा प्रश्न मात्र आकड्याचा नाही. मॉकमध्ये नेमका कशाचा सराव होतो आणि तो कुणाच्या वाट्याला येतो, हा आहे.

20 मिनिटांचं एवढं वजन?

आधी आकडे बघू. 2024 च्या कॅटला सुमारे 2 लाख 93 हजार जण बसले. आयआयएम अहमदाबादच्या मुख्य दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात जागा साधारण 400. इथे कॅटचा स्कोअर चाळणीचं काम करतो. पण एकदा मुलाखतीचा कॉल आला की गणित बदलतं. अहमदाबादने अलीकडच्या वर्षांत जाहीर केलेल्या सूत्रात अंतिम निवडीत मुलाखतीला 50 टक्के वजन आहे, लेखन चाचणीला 10 टक्के, दहावी-बारावी-पदवीसारख्या आधीच्या कामगिरीला 15 टक्के, आणि कॅटच्या स्कोअरला फक्त 25 टक्के.

म्हणजे वर्षभर ज्या परीक्षेसाठी रात्री जागवल्या ती पाव, आणि अर्ध्या तासाच्या बोलण्याचा वाटा निम्मा. प्रत्येक आयआयएमचं सूत्र वेगळं असतं, पण मुलाखतीला जड माप सगळीकडेच आहे.

त्यात आणखी एक गोष्ट. नव्या आयआयएमपैकी बऱ्याच जणी मिळून एकच सामाईक मुलाखत घेतात. तिलाही 'कॅप' म्हणतात. आपल्याकडच्या इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडशी तिचा संबंध नाही. यात मुलांचा प्रवास आणि खर्च वाचतो. पण तो एक दिवस वाईट गेला, तर एकाच वेळी अनेक दारं बंद होऊ शकतात.

आपली मुलं कुठे अडखळतात?

महाराष्ट्रातल्या मुलाचा प्रवास आठवून बघा. दहावी लेखी. बारावी लेखी. एमएचटी-सीईटी संगणकावर, पर्याय निवडायचा. मग कॅप राउंड, त्यात मेरिट नंबर बोलतो, मूल नाही. तोंडी परीक्षा म्हणून जी व्हायवा असते, तिथे जर्नलमधलं ठरलेलं उत्तर द्यायचं असतं. "तुला काय वाटतं आणि तसं का वाटतं?" हा प्रश्न परीक्षेत कुणी विचारतच नाही.

त्यामुळे 21-22 व्या वर्षी दोन-तीन अनोळखी, अनुभवी माणसांसमोर बसून आपलं मत मांडायची वेळ आली, की हुशार मुलांचीही बोबडी वळते. मराठी माध्यमातून आलेल्यांना आणखी एक अडचण असते. मुलाखत इंग्रजीतून. विचार मराठीत येतो, तो मनात भाषांतरित होतो आणि तोवर समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. पॅनेलला दिसतो तो फक्त मधला अवघडलेला क्षण.

ही कमतरता बुद्धीची नाही, सवयीची आहे. आणि सवय सरावाने लागते. मॉक इंटरव्ह्यूचा खरा उपयोग इथे होतो.

मॉकमध्ये होतं काय?

चांगल्या मॉकची सुरुवात अर्जापासून होते. उमेदवाराने फॉर्ममध्ये जे जे लिहिलं, त्यातल्या प्रत्येक शब्दाखाली सराव घेणारा रेघ मारतो. छंद 'ट्रेकिंग' लिहिलाय? मग राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या का बांधल्या असतील? गाव सांगली आहे? मग तिथला हळदीचा बाजार एवढा मोठा कसा झाला? मेकॅनिकल इंजिनीअर आहात? मग मशिन सोडून मॅनेजमेंट कशाला?

यातला एकही प्रश्न बाहेरचा नाही. सगळे उमेदवारानेच स्वतःच्या हाताने लिहून दिलेले आहेत. पहिल्या मॉकमध्ये बहुतेकांना हाच धक्का बसतो, की आपण आपल्याबद्दल लिहिलेल्या गोष्टींवरही दोन मिनिटं नीट बोलू शकत नाही.

दुसरा टप्पा रेकॉर्डिंगचा. स्वतःला बोलताना पाहणं कुणालाच आवडत नाही, पण सांगून न पटणाऱ्या गोष्टी तिथे दिसतात. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर सुरू केलं. दर वाक्यात 'बेसिकली' आलं. एका मिनिटात संपणारं उत्तर चार मिनिटं ताणलं. माहीत नसताना "माहीत नाही" म्हणायचं टाळलं आणि स्वतःच खोदलेल्या खड्ड्यात उतरत गेलो.

तिसरा टप्पा दुरुस्तीचा. एका मॉकमधल्या दोन-तीन चुका धरायच्या, चार-पाच दिवस त्यावर काम करायचं आणि मग पुढचा मॉक. पाठोपाठ दहा मॉक दिले आणि मधे काहीच बदललं नाही, तर त्याच चुका दहा वेळा पक्क्या होतात.

पुण्यात रोज किती वडापाव विकले जातात?

अशा प्रश्नांना 'गेसएस्टिमेट' म्हणतात. खरा आकडा पॅनेललाही माहीत नसतो. बघायचं असतं ते उमेदवाराचं डोकं कसं चालतं.

एक उमेदवार थेट म्हणतो, "दहा लाख असतील, सर." का? उत्तर नाही.

दुसरा मोठ्याने विचार करतो. शहराची लोकसंख्या सोयीसाठी 50 लाख धरू. रोज दहातला एक जण वडापाव खातो असं मानलं, तर 5 लाख. पॅनेल विचारतं, हे बरोबर कशावरून? तो उलट बाजूने तपासतो. एका गाडीवर दिवसाला 300 वडापाव जात असतील, तर 5 लाखांसाठी जवळपास 1,670 गाड्या लागतील. एवढ्या गाड्या शहरात असू शकतात का? जास्त वाटत असतील तर दहातला एक हा अंदाज कमी करावा लागेल, कमी वाटत असतील तर वाढवावा लागेल.

दुसऱ्याचा आकडा कदाचित चुकीचाच असेल. पण त्याने गृहीतक सांगितलं, हिशोब दाखवला, आणि शंका आल्यावर रुसून न बसता स्वतःचंच उत्तर तपासलं. ही गोष्ट पुस्तक वाचून येत नाही. कुणीतरी समोर बसून "का?" विचारावं लागतं, आणि तेही पुन्हा पुन्हा.

पाठांतराचा सापळा

मॉकचा धंदा वाढला तसा त्यातला धोकाही वाढला. 'स्वतःबद्दल सांगा' आणि 'एमबीए का?' यांची तयार उत्तरं मिळतात. ती घोकली की पहिली दोन मिनिटं झकास जातात. पण "मला माझी नेतृत्वक्षमता वाढवायची आहे" असं म्हटल्यावर पॅनेलने शांतपणे विचारलं, "गेल्या दोन वर्षांत कुणाचं नेतृत्व केलंत?", की घोकलेलं संपतं. तिथून पुढे खरी मुलाखत सुरू होते, आणि तिचाच सराव झालेला नसतो.

म्हणून मॉक कामाचा झाला का, हे ओळखायची खूण सोपी आहे. त्यात उपप्रश्न किती आले? उमेदवाराला आपलं मत बदलावं लागलं का? नुसतीच शाबासकी किंवा नुसतीच खरडपट्टी मिळाली असेल, तर हाती फारसं काही लागलेलं नसतं.

ऑक्सफर्ड स्वतःच प्रश्न सांगतं

हाच पेच इंग्लंडमध्ये जुना आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांना दरवर्षी 23 हजारांहून जास्त अर्ज येतात आणि जागा असतात सुमारे 3,300. निवडलेल्यांच्या मुलाखती डिसेंबरमध्ये होतात, 2020 पासून त्या ऑनलाइन आहेत.

तिथे मुलाखत म्हणजे शिकवणीचा एक छोटा तास असतो. "अनेक प्राण्यांच्या अंगावर पट्टे का असतात?" असा प्रश्न टाकायचा, मुलाचं उत्तर ऐकायचं, त्यात एक नवी माहिती घालायची आणि तो विचार कसा पुढे नेतो ते बघायचं.

पण अशा गप्पांची सवय महागड्या खासगी शाळांमधल्या मुलांना आधीपासून असते. सटन ट्रस्ट या संस्थेने 2018 मध्ये मांडलेला हिशोब बोलका आहे. तीन वर्षांत फक्त आठ शाळांमधून 1,310 मुलं ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये गेली, आणि दुसरीकडच्या 2,894 शाळांमधून मिळून 1,220. या फरकाला गुणांपासून घरच्या परिस्थितीपर्यंत अनेक कारणं आहेत, पण बोलण्याचा सराव हे त्यातलं एक धरलं जातं.

म्हणून ऑक्सफर्ड आता नमुना प्रश्न आणि ते का विचारले याचं प्राध्यापकांनी केलेलं स्पष्टीकरण जाहीर करतं, सराव मुलाखतींचे व्हिडिओ फुकट दाखवतं, आणि पैसे घेऊन तयारी करून देणाऱ्या कुठल्याही कंपनीला आपली मान्यता नाही असं सांगतं. दरी त्याने बुजली असं नाही, पण निदान खेळाचे नियम सगळ्यांना कळतात.

मुलाखतीवर एवढा भरवसा ठेवावा का?

भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. श्रीनगरच्या रीजनल इंजिनीअरिंग कॉलेजमध्ये, म्हणजे आजच्या एनआयटीमध्ये, लेखी परीक्षेला 100 आणि मुलाखतीला 50 गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि आईवडील, राहणं असले प्रश्न विचारले, अशी मुलांची तक्रार होती. अजय हसिया खटल्यात 1980 मध्ये घटनापीठाने मुलाखतीला एक तृतीयांश वजन देणं मनमानी ठरवलं. अशा प्रवेशात 15 टक्क्यांच्या वर जाऊ नये असं सांगितलं, आणि मुलाखती टेप करून ठेवाव्यात असंही सुचवलं. पुढच्या निकालांत ही 15 टक्क्यांची रेष सगळीकडे सरसकट लागू झाली नाही.

अमेरिकेतलं ह्यूस्टनचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. 1979 मध्ये तिथल्या मेडिकल कॉलेजने मुलाखती घेऊन 150 जणांना प्रवेश दिला. मग सरकारने अचानक 50 जागा वाढवायला लावल्या. तोवर मुलाखत घेतलेल्या 800 जणांच्या यादीतले तळाचेच उरले होते, त्यांना बोलावलं. पुढे अभ्यासात आणि रुग्णालयातल्या कामात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. एका बॅचवरून मुलाखतीच निकामी ठरत नाहीत, पण 20 मिनिटांत माणूस ओळखल्याचा दावा सैल पडतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने यावर वेगळा तोडगा काढला. एका लांब मुलाखतीऐवजी वेगवेगळ्या परीक्षकांसमोर आठ-दहा छोट्या मुलाखती, म्हणजे एकाच माणसाच्या मतावर सगळं अवलंबून राहत नाही.

क्लासचे पैसे नसतील तर?

मुलाखतीचं वजन लगेच कमी होणार नाही, त्यामुळे सरावाची सोय आपणच करावी लागते. त्यासाठी लागतात तीन माणसं आणि एक मोबाइल. एक जण उमेदवार, दोघं पॅनेल. तिघांनी एकमेकांचे फॉर्म आदल्या दिवशी वाचायचे. 25 मिनिटं प्रश्न, दर उत्तरावर किमान एक "का?", आणि सगळं रेकॉर्ड करायचं. तिघांपैकी एक जण वेगळ्या शाखेचा असला तर उत्तम, कारण आपलं काम त्याला समजावून सांगणं हाच मोठा सराव आहे.

इंग्रजी अडत असेल तर पहिले दोन मॉक मराठीत करायला हरकत नाही. मुद्दा आधी मराठीत सुटसुटीत झाला की तो इंग्रजीत साध्या, छोट्या वाक्यांत मांडता येतो. विचारच गोंधळलेला असेल, तर अस्खलित इंग्रजीही तो झाकू शकत नाही.

शेवटचे एक-दोन मॉक मात्र अनोळखी माणसासमोर व्हायला हवेत. मित्र हसून वेळ मारून नेऊ देतो, अनोळखी माणूस नाही. कॉलेजचे माजी विद्यार्थी, ओळखीतले एखादे बँक मॅनेजर, निवृत्त प्राध्यापक अशा कामाला सहसा नाही म्हणत नाहीत. आणि कॉलेजांनीही प्लेसमेंटच्या तोंडावर एक दिवस मॉक उरकण्यापेक्षा पहिल्या वर्षापासून महिन्यातून एक तास मुलांना समोर बसवून "तुला काय वाटतं?" एवढं विचारलं, तर जानेवारीत कॉल आलेल्या मुलाला मुलाखतीची खुर्ची परकी वाटणार नाही.