मोड आणि मोल

“शिकलीसवरलेली मुलगी, आणि भंगार विकते!” हा उद्गार हल्लीं आमच्याकडील सुशिक्षित घरांतून वारंवार कानीं येतो. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीं पदवी पदरांत असून नोकरी नाहीं, असे तरुण. घरांत तान्हें मूल किंवा अंथरुणास खिळलेलें वडील माणूस असल्यामुळें उंबऱ्याबाहेर पडतां येत नाहीं, अशा स्त्रिया. शेतीचें उत्पन्न पुरत नाहीं म्हणून जोडधंदा शोधणारीं कुटुंबें. यांपैकीं कांहींनीं जुन्या वस्तूंच्या विक्रीचा मार्ग धरला आहे. आठवडी बाजारांतून, पडावयास आलेल्या वाड्यांतून, मोडीच्या दुकानांतून आणि रद्दीच्या ढिगांतून वस्तु वेंचावयाची, ती घासूनपुसून तिचें छायाचित्र घ्यावयाचें, तें इन्स्टाग्रामवर चढवावयाचें आणि मुंबई-पुण्याचें, क्वचित् परदेशचेंही, गिऱ्हाईक मिळालें कीं ती नीट बांधून रवाना करावयाची, असा हा व्यवसाय आहे. त्यासंबंधीं आमच्या समाजांत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष नाक मुरडतो. दुसरा टाळ्या पिटतो. आमचें मत असें आहे कीं, नाक मुरडणाऱ्यांची लाज खोटी आहे आणि टाळ्या पिटणाऱ्यांचा आनंद उतावळा आहे. आणि ज्या प्रश्नाला दोघेही बगल देतात तोच या बाबतींत खरा प्रश्न आहे.

प्रथम नाक मुरडणाऱ्यांकडे वळूं. जुनी वस्तु विकण्यांत कमीपणा कोणता, हें त्यांनीं एकदां स्पष्ट सांगावें. ज्या घरांतून हा तिरस्कार निघतो, त्याच घरांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत स्टेनलेस स्टीलच्या मोहानें पितळेचे गुंड, तांब्याचीं घंगाळें, कल्हईचे गंज आणि आजीच्या हातची कासंडी मोडींत घातली. जरीचीं लुगडीं बोहारणीच्या हवालीं करून स्टीलचें पातेलें घेतलें, तेव्हां कोणाची प्रतिष्ठा गेली नाहीं. आज तेंच घंगाळ पुण्याच्या दिवाणखान्यांत कुंडी होऊन बसलें आहे, आणि त्याच्या किंमतीची चर्चा पाहुण्यांपुढें अभिमानानें चालते. म्हणजे जुनी वस्तु फुंकून टाकणारा प्रतिष्ठित, ती दामदुपटीनें विकत घेणारा रसिक, आणि या दोघांच्या मध्यें उन्हांत हिंडून ती शोधणारी, चिंचेनें घासणारी, वाटेंत चेपूं नये म्हणून कागदांत गुंडाळणारी मुलगी तेवढी भंगारवाली! हा न्याय आम्हांस समजत नाहीं. कर आकारणारें सरकार याहून समंजस म्हणावें लागेल. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यास, ठराविक अटींवर, संपूर्ण विक्रीकिंमतीवर नव्हे, तर खरेदी आणि विक्री यांतील फरकावरच वस्तु व सेवा कर भरण्याची मुभा नियमांत आहे. हा फरक ही मधल्या माणसाची कमाई होय, एवढें तरी त्यांनीं ओळखलें. जें कर आकारणाऱ्यास कळलें तें शेजाऱ्यास कळूं नये, ही शरमेची गोष्ट आहे.

आतां टाळ्या पिटणारांचा पक्ष. त्यांचें म्हणणें असें: “ज्याला वस्तु नको होती त्याची अडगळ गेली, ज्याला हवी होती त्याला ती मिळाली, मधल्याचें पोट भरलें, यांत कोणाचें नुकसान झालें?” हें बोलणें ऐकावयास गोड आहे. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरली आहे. ज्यानें वस्तु प्रथम विकली, त्याला ती खरोखरच नको होती काय?

आमच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यानें तरी हा प्रश्न विचारल्यावांचून राहूं नये. कापसावर जगणारा हा जिल्हा आहे. २००६ सालीं विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें पंतप्रधानांना खास मदतयोजना जाहीर करावी लागली, त्यांत यवतमाळ होता. अशा मुलखांत मृगाच्या तोंडावर घरांतलें पितळ बाहेर निघतें, तें अडगळ झाली म्हणून नव्हे. बियाण्याला पैसा हवा असतो म्हणून. तें दुकानांत जातें तेव्हां त्याला एकच भाव असतो: मोडीचा. वजनकांटा भांड्याचा घाट पाहत नाहीं, त्यावरील ठोक्यांचें काम पाहत नाहीं, काठावर कोरलेलें “अमक्याकडून लग्नांत आहेर” हें वाक्य वाचीत नाहीं. उलट कल्हईची आणि डागाची घट धरून वजन कमीच करतो. विकणाऱ्याला ही एकच किंमत ठाऊक असते. घेणाऱ्याला दोन ठाऊक असतात. या दोन किंमतींमधील अंतरांत घेणाऱ्याचे श्रम, पारख, पेट्रोल आणि टपालखर्च हें सर्व येतें, हें आम्ही वर मान्य केलेंच आहे. परंतु त्याच अंतरांत समोरच्याचें अज्ञान आणि त्याची निकड हींही येतात. पारखीचा नफा निराळा आणि निकडीचा नफा निराळा. पहिला कमाई आहे. दुसऱ्याला आमच्या जुन्या भाषेंत नाडणूक असें नांव आहे, आणि ती मोबाईलवरून केल्यानें तिचें नांव बदलत नाहीं.

हीच गोष्ट तांड्यांवर अधिक तीव्रपणें दिसते. आमच्या जिल्ह्यांत बंजारा समाजाची वस्ती मोठी. १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचें मुख्यमंत्रीपद भूषविणारे वसंतराव नाईक पुसद तालुक्यांतील गहुलीचे, याच समाजांतले. या समाजांतील स्त्रियांचा फेटिया आणि कांचळी यांवरील आरसे, कवड्या आणि भरतकाम यांना आज शहरी बाजारांत मोठी मागणी आहे. असा एक फेटिया पुरा होण्यास कित्येक महिन्यांची फुरसत लागते; आणि ती फुरसत मजुरीच्या व घरकामाच्या पोटांतून काढावी लागते. तो घेतला जातो तो जुन्या कपड्याच्या भावानें. पुढें त्याचे तुकडे होतात, तुकड्यांच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे होतात, आणि त्यांवर “अस्सल जुनें बंजारा काम” अशी चिठ्ठी लागते. ज्या बाईनें तें काम केलें तिचें नांव त्या चिठ्ठीवर नसतें. तांड्याचें, गांवाचेंही नसतें. केसांत माळावयाच्या घुगरी-टोपलीची तीच दशा. विवाहित बंजारा स्त्रीच्या सौभाग्याचें तें लेणें; पण सराफाच्या तराजूंत ती केवळ चांदी, आणि छायाचित्राखालीं ती केवळ “आदिवासी दागिना”. याच्या उलट कर्नाटकांत संडूरच्या लंबाणी भरतकामास भौगोलिक मानांकन मिळालें आहे. तेथें कामावर गांवाचें नांव आहे आणि काम करणाऱ्या स्त्रियांना त्याची मजुरी मिळते. म्हणजे कलेचा बाजार मांडणें हा दोष नव्हे. करणारीला वगळून तो मांडणें हा दोष आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाहीं. आम्हांस विचारण्यांत येईल: “हा मधला विक्रेता नसता तर काय झालें असतें? गुंड भट्टींत वितळला असता, फेटिया गोधडींत गेला असता, चांदी आटविली गेली असती.” हें खरें आहे. जुन्या वस्तूंचे हे नवे विक्रेते आज पुष्कळ वस्तु भट्टीच्या तोंडांतून काढीत आहेत, आणि त्याबद्दल त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु वांचविणाऱ्यानें वांचविलेल्याचें नांव पुसावें, असा अधिकार त्याला या उपकारानें मिळत नाहीं. शिवाय भट्टीचा भाव हाच योग्य भाव, असें एकदां ठरविलें तर मग जगांतील कोणत्याही अडलेल्या माणसास कितीही कमी द्यावें, तें न्याय्यच ठरेल. कारण त्याच्यापुढें दुसरा मार्ग याहून वाईटच असतो. आमची मागणी फार मोठी नाहीं. वस्तु घेतांना ती शहरांत साधारण काय किंमतीस जाते हें विकणाऱ्यास सांगावें. आणि अपेक्षेबाहेर किंमत आली तर त्यांतील वाटा परत पोंचवावा. आजकाल खेड्यांतील माणसाच्याही हातीं मोबाईल आहे. पैसे पाठविण्यास क्षणही लागत नाहीं. न पाठविण्यास सोयीची सबब आतां उरलेली नाहीं.

दुसरें ऋण गिऱ्हाइकाचें. ‘व्हिंटेज’ हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा; आतां तो खुर्चीपासून कंदिलापर्यंत कशासही लागतो. हातकामाच्या व जुन्या वस्तूंसाठीं प्रसिद्ध असलेल्या एट्सी या परदेशी बाजारांत वीस वर्षें जुनी झालेली वस्तु या नांवास पात्र ठरते. आमच्या देशाचा १९७२ चा पुरावस्तूंविषयींचा कायदा मात्र शंभर वर्षांचा हिशेब करतो, आणि वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांसाठीं पंचाहत्तर. अशा पुरावस्तूंच्या विक्रीचा धंदा परवान्यावांचून करतां येत नाहीं, आणि त्या खासगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहींत. हस्तिदंती बांगडी विकणें हा तर वन्यजीवांच्या कायद्यानें गुन्हा आहे. वीस आणि शंभर या दोन आंकड्यांमध्यें ज्यांचा धंदा आहे, त्यांनीं ह्या दोन्ही आंकड्यांची ओळख ठेवावी. नाहींतर एखादी प्रामाणिक मुलगी आजोबांच्या पेटींतील नाणीं विकतां विकतां नकळत कायद्याच्या पलीकडे जावयाची. आणि जे जाणूनबुजून नव्या पितळेवर आम्ल फासून तें जुनें म्हणून विकतात, त्यांच्याविषयीं आम्ही अधिक लिहीत नाहीं. त्यांना लबाड हा एकच शब्द पुरे. जुन्या पांच रुपयांच्या नोटेला लाखों रुपये मिळतात, अशा भुलवणीखालीं अगोदर “शुल्क” उकळणाऱ्या भामट्यांपासून सावध राहण्याचा इशारा २०२१ च्या ऑगस्टांत खुद्द रिझर्व्ह बँकेला द्यावा लागला, एवढें स्मरण पुरे आहे.

तिसरें ऋण वस्तूचें, म्हणजेच इतिहासाचें. या बाबतींत यवतमाळकरांनीं आपल्याच गांवाची आठवण ठेवावी. यशवंत खुशाल देशपांडे यांनीं येथेंच शारदाश्रमाच्या द्वारें महानुभावांचीं हस्तलिखितें धुंडाळलीं आणि त्या वाङ्मयाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. आज त्याच जिल्ह्यांतील माळ्यांवरचीं मोडी कागदपत्रें किलोच्या भावानें रद्दींत जातात, किंवा शोभेची चौकट होऊन कोणाच्या तरी भिंतीवर, क्वचित् उलटींही, टांगलीं जातात. या जिल्ह्यास १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. त्या नांवाचा एखादा कागद गांवाच्या संदर्भासह हातीं आला तर तो पुरावा असतो. संदर्भ तुटला कीं तो नुसता पिवळा कागद. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं अडकित्ते, दिवे, भांडीं, दरवाजे यांचा जो अपूर्व संग्रह जमविला आणि पुढें १९७५ मध्यें सरकारच्या स्वाधीन केला, त्यांतील वस्तूही विकतच घेतलेल्या होत्या. म्हणजे पैशानें इतिहास बाटत नाहीं. पण त्यांच्या हातीं वस्तु पडली कीं ती राहत असे. आमच्या विक्रेत्यांच्या हातून ती निघून जाते. म्हणूनच त्यांच्यावर टिपणाची जबाबदारी अधिक आहे. वस्तु कोठें मिळाली, घरांत तिला काय म्हणत, तिचा उपयोग काय होता, तिच्यावर काय कोरलें आहे, या चार ओळी लिहिण्यास चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाहीं. कागद विकण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र एखाद्या जाणत्यास दाखवावें. आणि गिऱ्हाईक बिचकेल म्हणून भांड्यावरचें नांव घासून टाकूं नये. तें नांवच त्या भांड्याची साक्ष आहे.

शेवटीं आमच्या वाचकांनाच दोन शब्द. वरील दोषांचा अर्धा भार विक्रेत्यांवर असेल, तर उरलेला आपल्यावर आहे. आपल्यालाच नांव नसलेलें, वास नसलेलें, कोणाचेंही दुःख न चिकटलेलें जुनेंपण हवें असतें. मॉलमध्यें छापील किंमत निमूटपणें देणारे आपण, या मुलीशीं मात्र पन्नास रुपयांसाठीं घासाघीस करतों, आणि ती ओघानेंच ती घासाघीस तांड्यावर नेऊन पोंचविते. १९७३ आणि २०१९ अशीं दोन साहित्यसंमेलनें ज्या गांवानें भरविलीं, तेथील शिकलेल्या घरांतून वडिलांच्या पश्चात् त्यांचीं पुस्तकें पानही न उलटतां तराजूंत जातात; मग रद्दीवाल्याच्या अडाणीपणास हंसण्याचा आपणांस अधिकार काय?

तेव्हां जुनी वस्तु घेतांना किंमतीआधीं तीन प्रश्न विचारावे: ही कोणाची होती, त्याला काय मिळालें, आणि ही खरोखर किती जुनी? गिऱ्हाईक हे प्रश्न विचारूं लागलें, कीं विक्रेत्यास त्यांचीं उत्तरें ठेवावीच लागतील. ज्या मुलीपाशीं तीं असतील, तिच्याकडून वस्तु सांगितलेल्या किंमतीस घ्यावी. आणि पुढच्या वेळीं कोणी तिला भंगारवाली म्हणालें, तर त्याला त्याच्या घरचें घंगाळ कोठें गेलें, तें विचारावें.